दिसली हो, वहिनी

यंदा आषाढी एकादशीला संध्याकाळी मी आईसमोर खिचडीची बशी ठेवली, तर तिने ती दोन बोटांनी बाजूला सारली. मला वाटलं, मीठ कमी पडलं असेल. माझ्या हाताला चव नाही हे ती वर्षानुवर्षं सांगत आली आहे, आणि आता बाकी सगळं विसरली तरी तेवढं विसरलेली नाही. पण कारण वेगळं होतं. "चांदणी कुठे दिसलीय अजून?" असं म्हणून ती बाल्कनीच्या दाराकडे बघत बसली. बाहेर पाऊस लागला होता.

ती काय म्हणतेय हे कळायला मला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी तिच्याशेजारी खाली बसले.

आम्ही पूर्वी मंडईच्या मागच्या बाजूला एका तीन मजली इमारतीत राहायचो. वडिलांचा मंडईत कांदे-बटाट्याचा गाळा होता. इमारतीतल्या बायका चातुर्मास लागला की काही ना काही नेम धरायच्या. कुणी गोड सोडायची, कुणी केळीच्या पानावर जेवायची, कुणी जेवताना मौन पाळायची. या शेवटच्या नेमाला घरच्या पुरुषांचा भरघोस पाठिंबा असायचा. आई या भानगडीत कधी पडली नव्हती. पण माझा धाकटा भाऊ आजारी पडला त्या वर्षी तिने नेम धरला. दिवसभर चहा-दुधावर राहायचं आणि संध्याकाळी चांदणी बघूनच जेवायचं. भाऊ चार वर्षांचा होता. त्याच्या हृदयाला भोक होतं. जरा मोठा झाला की ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले होते आणि तो मोठा व्हायची आम्ही सगळे वाट बघत होतो.

चांदणी बघून जेवायचं, आणि तेही पावसाळ्यात. हा नेम ज्याने काढला त्याला पुण्याची हवा माहीत नसावी, किंवा फारच चांगली माहीत असावी. पण आमच्या इमारतीतल्या बायका काही कमी नव्हत्या. त्यांनी त्यातून वाट काढली होती. एकीला चांदणी दिसली की तिने हाक द्यायची, आणि तिचं दिसणं बाकीच्यांना चालायचं. संध्याकाळी दिवे लागले की नेम धरलेल्या दोघी-तिघी गच्चीत, जिन्याच्या खिडकीत, मागच्या गॅलरीत अशा वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या राहायच्या. ढग जरा फाटले आणि एकीला दिसली की संपलं, सगळ्या जेवायला मोकळ्या. खोटं कुणी सांगत नसे, कारण पाप सांगणारीच्या डोक्यावर बसतं असं ठरलेलं होतं.

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी त्या वर्षी आईच्या सोबतीने तोच नेम धरला. त्यांना काही मागायचं नव्हतं. आईने एकटीने उपाशी राहू नये, एवढंच. दोघी एकमेकींना वहिनी म्हणायच्या आणि पुढे अख्खा जन्म शेजारात काढूनही कधी अगं-तुगंवर आल्या नाहीत. काकूंची नजर फार चांगली होती. बहुतेक वेळा हाक त्यांचीच यायची, गच्चीवरून, जिन्यातून घुमत. "दिसली हो, वहिनी." मी नऊ वर्षांची होते आणि त्या हाकेची आईपेक्षा जास्त वाट बघायचे. आई जेवली की तासभर तरी बरी असायची, मग ती भावाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायची आणि ती गोष्ट मलाही ऐकायला मिळायची.

पाऊस मागे हटला, आभाळ स्वच्छ झालं, आणि भावाची तब्येत बिघडली. नवरात्र होऊन गेलं होतं. त्याला सरकारी दवाखान्यात ठेवलं आणि आई रात्री तिथेच राहू लागली. एका शनिवारी मला पहाटे उठवून, डोकं विंचरून, काकूंच्या दिरांनी सायकलवरून शाळेत सोडलं. रोज मी चालत जायचे. सकाळची शाळा होती. दुपारी घरी आले तर जिन्यात चपला होत्या, दार उघडं होतं, आणि आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. काकू तिला वरणभात भरवत होत्या. मी आमच्या चुलीकडे बघितलं नाही. ती पेटलेली नव्हती, भात काकूंच्या घरचा होता, हे मला फार नंतर सुचलं. मला फक्त एवढंच दिसलं की भर दुपारी, लख्ख उन्हात, आई जेवतेय. म्हणजे नेम सुटला. म्हणजे भाऊ बरा झाला. मी दप्तर टाकलं आणि हसले. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि घास आईच्या तोंडाशी धरलेला हात तसाच राहिला.

त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. ठरवून नाही, पण कुणी काढलं नाही हे खरं. त्याचा एक फोटो होता, तो कपाटात लुगड्यांच्या खाली गेला. आईने पुन्हा कुठलाही नेम धरला नाही आणि धरणाऱ्यांना कधी नावंही ठेवली नाहीत.

आता आम्ही खराडीत अकराव्या मजल्यावर राहतो. वडील गेल्यावर मी आईला इकडे आणलं, आणि इकडे आल्यावर तिचं विसरणं वाढत गेलं. डॉक्टर म्हणतात, जागा बदलल्यामुळे नाही, ते व्हायचंच होतं. मला ते पटतं, पण रात्री पटत नाही. आधी ती कालचं विसरली, मग गेल्या वर्षीचं, मग वडील गेलेले विसरली. असं मागे मागे जात ती यंदाच्या आषाढात येऊन थांबली ती त्या वर्षात. भाऊ दवाखान्यात आहे. वडील त्याच्याजवळ बसलेत. मी कधी मी असते, कधी दवाखान्यातली नर्स. चातुर्मास लागला आहे आणि चांदणी बघितल्याशिवाय जेवायचं नाही.

आईला साखर आहे. वेळेवर जेवण आणि वेळेवर गोळ्या, यात चालढकल चालत नाही. म्हणून आम्ही लबाडी करून बघितली. माझ्या नवऱ्याने समोरच्या बांधकामावरच्या क्रेनचा दिवा दाखवला. ती म्हणाली, "तांबडा आहे तो. मला काय खुळी समजलात?" मग लोहगावला उतरणारं विमान दाखवलं. चालणारी चांदणी धरत नाहीत, असं तिने त्याला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मी मोबाईलवर आकाशाचं एक ॲप उतरवून घेतलं. ढगांच्या मागे कुठला तारा कुठे आहे ते त्यात नावासकट दिसतं. तिने ते कौतुकाने बघितलं आणि छान आहे टीव्ही, असं म्हणून परत केलं. ताट तसंच राहिलं. रात्री उशिरा कशीबशी दूध प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना फोन केला. त्या आता वारज्यात मुलाकडे असतात, ऐंशीच्या पुढे गेल्यात, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. मी विचारलं, चार-चार दिवस आभाळ गच्च असायचं तेव्हा तुम्ही काय करायचात. काकू म्हणाल्या, "तेव्हा मीच सांगायचे ना. दे तिच्याकडे फोन."

मी फोन स्पीकरवर टाकून आईच्या हातात दिला. "दिसली हो, वहिनी," काकू म्हणाल्या. आवाज म्हातारा झाला होता, पण सूर तोच होता. आई म्हणाली, "दिसली का? बरं झालं बाई." आणि ताट पुढे ओढलं. पोळीचा पहिला तुकडा तिने मोडला तेव्हा मी उठून बेसिनपाशी गेले आणि उगाचच नळ सोडला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवेलागणीला वारज्याला फोन. तिकडे डोंगराच्या कुशीत पाऊस आमच्याहून दुप्पट. फोनमधून पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज यायचा आणि त्या आवाजातही काकू ठणकावून सांगायच्या, दिसली हो. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. एकदा मी म्हटलं, काकू, पाप लागेल. त्या म्हणाल्या, मला समोरच्या बिल्डिंगचा जिना दिसत नाही, चांदणी कुठली दिसायला, आणि या वयात पापाला तरी माझ्याकडे काय काम आहे.

चांदणी झाली की दोघी भावाबद्दल बोलायच्या. आई विचारायची, आज दूध प्यायला का, ताप उतरला का. काकू सांगायच्या, उतरला, खेळत होता. हळूहळू मीही सांगायला लागले. आज खिडकीत बसला होता. आज माझी पाटी घेऊन रेघोट्या मारल्या. कुणी म्हणेल, म्हाताऱ्या बाईशी खोटं बोलत होते. होते. पण मला ते आवडायला लागलं होतं, हे सांगायलाच हवं. इतकी वर्षं ज्याचं नाव घरात निघालं नाही तो रोज संध्याकाळी घरात यायचा. तो कसा हसायचा, मोज्यांना किती घाबरायचा, मला काय म्हणून हाक मारायचा, हे आईला आठवायचं आणि तिच्याकडून मला मिळायचं. माझं वय आता छप्पन्न आहे आणि तो चारच वर्षांचा आहे, तरी मी पुन्हा कुणाची तरी मोठी बहीण झाले होते.

भाद्रपद संपता संपता आभाळ उघडू लागलं. ते ॲप मी अजून काढून टाकलं नव्हतं. त्यावरून मला कळलं की आषाढात दिवेलागणीला बरोबर आपल्या डोक्यावर असते ती स्वाती. ठळक, किंचित नारिंगी, शहराच्या उजेडातही दिसण्यासारखी. त्या वर्षी गच्चीवर मान वर करून बायका सगळ्यांत आधी बघायच्या ती बहुतेक हीच असणार. पण तारे रोज चार मिनिटं लवकर मावळतात. एका दिवसात ते जाणवत नाही. महिन्या-दीड महिन्याने त्याच वेळेला बघावं तर तारा केवढा तरी खाली उतरलेला असतो. आषाढात माथ्यावर असलेली स्वाती आश्विनात पश्चिमेला पार बुडाशी जाते आणि कार्तिकात संध्याकाळी दिसेनाशी होते. चातुर्मास आणि तिचं संध्याकाळी दिसणं जवळपास बरोबरच संपतं.

आमची बाल्कनी पश्चिमेला आहे. आश्विनातल्या एका संध्याकाळी मी आईला धरून तिथे उभं केलं. ऑफिसांच्या काचेच्या इमारतींच्या वर, हातभर उंचीवर, ती दिसली. आईने स्वतः बघितली. दोन्ही हात जोडले. "खाली आली बाई," असं म्हणाली. मी म्हटलं, हो, आता थोडेच दिवस दिसेल. त्या दिवशी वारज्याला फोन करावा लागला नाही, पण आम्ही केला, काकूंना सांगायला. या फोनवर पहिल्यांदाच आईने हाक दिली आणि काकू जेवल्या.

आपल्याला दिसतात त्यातले अर्धेअधिक तारे कधीच मेलेले असतात, असं एक वाक्य मोबाईलवर फिरत असतं, खाली गुलाबाचं चित्र असतं. ते खरं नाही. मी वाचून बघितलं. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळजवळ सगळे तारे अजून आहेत आणि आपल्या नातवंडांच्या नातवंडांनंतरही राहतील. उशिरा पोचतो तो फक्त त्यांचा उजेड. स्वातीचा उजेड आपल्यापर्यंत यायला छत्तीस-सदतीस वर्षं लागतात. भावाला जाऊन त्याहून जास्त वर्षं झाली. म्हणजे तो असताना तिथून निघालेला उजेड मधेच केव्हातरी, वडील होते, आई सगळ्यांना ओळखत होती, तेव्हाच येऊन गेला. आम्ही कुणी वर बघितलंही नसेल.

मग आईने दुपारचंही जेवण सोडलं. तोपर्यंत ती सकाळी विसरून जायची आणि दुपारी दोन घास खायची, संध्याकाळी पुन्हा नेम आठवायचा. आता तिला दिवसभर आठवू लागलं. मी भरवायला गेले की ओठ घट्ट मिटायची. नेम मोडला तर त्याला काही होईल, असं एकदा मला हळूच म्हणाली. एका दुपारी तिचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोळे फिरले. साखर उतरली होती. तोंडात साखरेचं पाणी घालून सावरली. डॉक्टरांनी मला स्पष्टच सांगितलं की पुन्हा असं झालं तर कदाचित सावरणार नाही. काहीही करा, पण दुपारी पोटात अन्न गेलं पाहिजे. मी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, त्यात काय, दुपारी लाव फोन, माझं ऐकते ती. मला हायसं वाटलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी वरणभात कालवला, वर तूप घातलं, ताट आईसमोर ठेवलं आणि फोन लावला. लादीवर उन्हाचा पट्टा पडला होता.

"दिसली हो मला, वहिनी," काकू म्हणाल्या. "जेवा आता."

आईने उन्हाकडे बघितलं. मग फोनकडे. मग बराच वेळ माझ्याकडे, आणि त्या वेळी मी नर्स नव्हते.

"उन्हात?" ती म्हणाली.

तिने फोन उचलून जवळ घेतला.

"म्हणजे गेला का हो तो?" आईने विचारलं.

काकूंनी उत्तर दिलं नाही. मीही नाही. आई रडली नाही. तिने ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली. एक एक घास, न थांबता, सगळं संपेपर्यंत. ताटात तुपाचा ओशट डाग राहिला तोही तिने बोटाने पुसून घेतला. मग हात धुवायला नेलं तेव्हा तिने विचारलं, त्याच्या ताईला कुणी सांगितलं का. त्या वेळी मी शाळेत होते. या वेळी मी तिचा ओला हात हातात धरून उभी होते. सांगितलं, असं मी म्हणाले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या. मग सांगितलं. त्या शनिवारी आई दवाखान्यातून परत आली ती आदल्या दिवसापासूनची उपाशी होती. रात्र वॉर्डात गेली होती, चांदणी बघायची राहिली होती. सगळं होऊन गेलं होतं, माणसं उरकून परत आली होती, तरी ती म्हणत होती की चांदणी दिसली नाही, मी जेवले तर त्याला काही होईल. कुणाचं ऐकेना. तेव्हा काकूंनी तिच्यासमोर बसून, भर दुपारी, सांगितलं होतं, दिसली हो मला, वहिनी, जेवा आता. मग ती जेवली होती.

"मला आठवलंच नाही गं," काकू म्हणाल्या. "शब्द तोंडातून गेले आणि आठवलं."

मला वाटलं होतं, रात्रीत विसरेल. सकाळचा चहा ती दहा मिनिटांत विसरते. मुलीचं तोंड विसरते. मी देवासमोर कधी फार बसणारी नाही, पण त्या रात्री मी हे विसरू दे म्हणून बसले. ती विसरली नाही. आता ती दुपारी एकला जेवते, रात्री आठला जेवते, पुढे ठेवलं ते खाते. बाल्कनीच्या दाराकडे बघत नाही. दूध प्यायला का, असं विचारत नाही. साखर आटोक्यात आहे, डॉक्टर खूश आहेत, मला म्हणाले की तुम्ही छान सांभाळलंत. मला त्यांच्या टेबलावरचं काहीतरी उचलून फेकावंसं वाटलं. मी आभार मानले आणि रिक्षा केली.

काकू अजून अधूनमधून संध्याकाळी फोन करतात. आई त्याच्याबद्दल विचारते का, असं विचारतात. मी नाही म्हणते. मग आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो.

कार्तिक लागला तेव्हा एका दिवेलागणीला मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. पश्चिमेला जरा लाली होती, ऑफिसांचे दिवे लागले होते, क्रेनवरचा तांबडा दिवा लागला होता. स्वाती कुठे दिसेना. ॲपमध्ये बघितलं तर ती सूर्याच्या पाठोपाठ जवळजवळ बुडाली होती, आणखी काही दिवसांनी ती पहाटे पूर्वेला दिसायला लागेल असं त्यात होतं. तरी मी उभी राहिले. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे तिथे उभं असताना माझ्या लक्षात आलं.

आतून आईचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो तिचा जुना आवाज होता, ठाम, जरासा वैतागलेला.

"आता कशाला बघतेस," ती म्हणाली. "ये आत. जेवून घे."